खाली पडलेला मासा

मावशी मासे मोजायच्या तेव्हा त्यांचे ओठ हलत नसत. आम्ही बाकीचे टाकीच्या काचेवर बोट ठेवून एक, दोन, तीन करायला लागलो की सातव्या-आठव्या माशापाशी गोंधळायचो, कारण मासा काही आपल्यासाठी एका जागी थांबत नाही. मावशी नुसत्या टाकीसमोर उभ्या राहायच्या, दोन श्वास होतील इतका वेळ, आणि म्हणायच्या, "तेवीस." ते तेवीसच असत. सुरुवातीला प्रयोगशाळेतली मुलं मुद्दाम मासे जाळीने काढून मोजून बघत. पुढे ते कोणी करेनासं झालं. मावशींनी कार्डावर आकडा लिहिला की विषय संपला.

आमच्या संस्थेच्या तळघरात माशांची खोली होती आणि तिला लागून माझी. मी पातळ काप करणारा. माशाचं पिल्लू मेणात बसवायचं, यंत्रावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचपट्टीवर घेऊन रंगवायचे, एवढंच मी आयुष्यभर केलं. मावशी माझ्याहून दोन महिन्यांनी लहान. तरी सगळी मुलं त्यांना मावशी म्हणत म्हणून मीही मावशी म्हणायचो, आणि मुलं मला काका म्हणत म्हणून त्या मला काका म्हणायच्या. म्हणजे नात्याचा सगळा घोळच होता. पण तो सव्वीस वर्षं बिनबोभाट चालला.

त्या खोलीत चारशेच्या वर टाक्या होत्या, लोखंडी मांडण्यांवर रांगेने लावलेल्या. पाण्याचा आवाज अखंड चालू. हवा इतकी दमट आणि उबदार की आत गेल्यावर चष्म्यावर वाफ धरायची. मासे बोटाच्या पेरा-दोन पेरांएवढे, अंगावर निळे पट्टे. झेब्रामासे म्हणतात त्यांना. त्यांची पिल्लं पहिले काही दिवस काचेसारखी आरपार असतात. आत काय घडतंय ते जिवंतपणी दिसतं, म्हणून शास्त्रज्ञांना त्यांचं अप्रूप.

मावशी सकाळी दिवे लागायच्या आत हजर. गमबूट, रबरी अ‍ॅप्रन, खांद्यावर नॅपकिन. दिवे लागले की मासे अंडी घालतात, म्हणून आदल्या संध्याकाळी नर आणि माद्या यांच्यामध्ये घातलेल्या पट्ट्या आधी काढायच्या. मग खाऊ घालायचा, मेलेले उचलायचे, कार्डं तपासायची. प्रत्येक टाकीला एक कार्ड: कुठल्या कुळातले मासे, जन्म कधीचा, किती आहेत, आणि खाली सही. मेलेला मासा वेळेवर उचलला नाही तर बाकीचे त्याला खाऊन टाकतात, काटासुद्धा मागे राहत नाही. त्यामुळे मोजणीला फार महत्त्व.

घरी मावशी आणि त्यांचे यजमान, दोघंच. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. यजमान एका मोठ्या कचेरीत लिफ्टमन होते, आणि त्यांच्या स्वतःच्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती. "चाळीस वर्षं वर-खाली केलं काका, आणि पोचलो कुठेच नाही," असं ते मला दर भेटीत सांगायचे. मावशी म्हणायच्या, "दुसऱ्यांना पोचवलंत की. आता चहा घ्या."

आता प्रयोगाचं थोडं सांगायला हवं. मला ते नीट सांगता येईल की नाही शंका आहे, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आपल्या अंगात जशा रोगजंतूंना गिळणाऱ्या शिपाई पेशी असतात, तशा माशांच्याही असतात. त्या रक्ताच्या कुळातल्या. पण माशांच्या कातडीत, कल्ल्यांत आणि आतड्यात आणखी काही पेशी सापडतात. दिसायला अगदी त्या शिपायांसारख्या, तशाच फांद्या फुटलेल्या, तशाच फिरणाऱ्या, पण त्या रक्तातून आलेल्याच नसतात. कातडीच्याच थरात जन्मतात. बाहेरच्या पाण्यात काय आहे त्याचा नमुना उचलायचा आणि आतल्या खऱ्या शिपायांच्या हाती द्यायचा, असं काहीसं काम करतात. प्रश्न असा होता की कातडीतल्या साध्या पेशीला हे वळण लावतं कोण?

मॅडम, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, नव्या मुलांना समजावताना म्हणायच्या, "प्रत्येक पेशीत सगळ्या घराचा नकाशा असतो. पण कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, हे सांगणारा मुकादम लागतो. तो मुकादम म्हणजे एक प्रथिन. जनुकांवर जाऊन बसतं आणि हुकूम सोडतं." तेव्हापासून आमच्याकडे त्या प्रथिनाला सगळे मुकादमच म्हणायला लागले. एक मुकादम असा होता की त्याच्यावाचून या कातडीच्या पेशी तयारच होत नसाव्यात, असा मॅडमना संशय होता. तो संशय तपासायचं काम एका मुलीकडे होतं.

ही मुलगी सारखी जिन्यावरून वर-खाली पळत असायची, म्हणून मावशींनी तिचं नाव ठेवलं भिंगरी. भिंगरीने दोन वर्षं खपून असे मासे तयार केले होते ज्यांच्यात तो मुकादमच नव्हता. हे मासे जगवणं कठीण. शेवटी अठरा वाचले. अठराच्या अठरांच्या शेपटीचा कणभर तुकडा कापून तिने खात्री केली. शेपटी पुन्हा वाढते, माशाला फारसा त्रास होत नाही. मग ते चौथ्या रांगेतल्या एका टाकीत ठेवले आणि मावशींनी कार्डावर लिहिलं, अठरा.

त्यांची पिल्लं माझ्याकडे येऊ लागली. मी काप काढून रंगवायचो. त्या पेशी असल्या तर तपकिरी दिसायच्या. पहिल्या खेपेला एकही नाही. दुसऱ्या खेपेला पाचातल्या एका पिल्लात होत्या, चांगल्या ठसठशीत. तिसऱ्या खेपेला पुन्हा शून्य. चौथ्या खेपेला पुन्हा काहींत होत्या. आधी भिंगरी रडकुंडीला आली. मग एक दिवस तिच्या डोक्यात आलं, मुकादम नसतानाही या पेशी कधीकधी उभ्या राहतात, म्हणजे त्यांना दुसरी वाट माहीत असणार! दुसरी वाट हा फार मोठा शोध होता. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने तिला नुसत्या या बातमीवर बोलावणं पाठवलं. शुक्रवारी ती सगळ्यांसमोर निकाल मांडणार होती, आणि पुढच्या सोमवारी निबंध छापायला जायचा होता. पिल्लांची जनुकं वेगळी तपासली नव्हती. आई आणि बाप दोघांतही मुकादम नाही, मग पिल्लांत कुठून येणार? असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

त्या आठवड्यातल्या सोमवारी भिंगरीने मावशींना ओढून माझ्या खोलीत आणलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला.

"बघा मावशी! मुकादम नाही, कोणी नाही, तरी कामाला लागल्यात."

मावशींनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "कुठल्या टाकीतली गं ही?"

"चौथ्या रांगेतली. तुमची लाडकी टाकी."

"हं," म्हणाल्या आणि गेल्या. भिंगरी मला म्हणाली, "मावशींना कशाचंच कौतुक नाही. उद्या मासा बोलायला लागला तरी म्हणतील, हं, आधी खाऊन घे."

मंगळवारी दुपारी मावशी माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. सव्वीस वर्षांत त्यांनी माझं दार कधी लावलं नव्हतं. स्टुलावर बसल्या. त्या बसलेल्याही मी क्वचितच पाहिल्या होत्या. खिशातून दोन जुनी कार्डं काढून त्यांनी माझ्या यंत्राशेजारी ठेवली.

माशांच्या खोलीत एक पाटी होती: खाली पडलेला मासा परत टाकीत सोडू नये. हे मासे उड्या मारतात, झाकणाच्या फटीतून बाहेर पडतात. जमिनीवरचा मासा कुठल्या टाकीतला हे सांगता येत नाही, आणि चुकीच्या टाकीत गेला तर कुळंच बिघडतं. म्हणून तो जिवंत असला तरी गुंगीच्या औषधाच्या बादलीत टाकायचा, तिथेच तो मरतो. ती पाटी मावशींनीच चिकटवलेली, आणि नियमही त्यांनीच डोळ्यांत तेल घालून पाळलेला.

"आठ महिन्यांपूर्वी मी एक परत सोडला," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही?"

"मीच. सकाळी आले तर चौथ्या रांगेखाली पडलेला. कल्ले हलत होते. मुकादम नसलेल्यांची टाकी मोजली, सतरा. कार्डावर अठरा. शेजारी साध्या, मुकादम असलेल्या माशांची टाकी. ती मोजली, तीस. कार्डावर तीस. म्हणजे पडलेला कुठला? सरळ हिशेब होता. उचलला आणि सोडला."

"मग बरोबरच केलंत की."

"ऐका तर. त्याच्या आदले दोन दिवस मी लेकीकडे गेले होते. बदलीवर जो माणूस आला होता त्याने एक तडा गेलेली टाकी रिकामी केली. त्यातला एक मासा त्या साध्या टाकीत हलवला. काल जुनी कार्डं काढून बघितली तेव्हा कळलं, फुटक्या टाकीच्या कार्डावर लिहिलंय बघा, हे. पण साध्या टाकीच्या कार्डावर तीसचे एकतीस करायचं राहिलं त्याचं." त्यांनी दोन्ही कार्डं माझ्याकडे सरकवली. "म्हणजे एकतीस होते. एक उडाला, तीस राहिले. पडलेला मासा साधा होता, काका."

"आणि ते सतरा?"

"त्यातला एक मेला असणार. बाकीच्यांनी खाल्ला असणार. मी यायच्या आत."

मी म्हणालो, "दया आली असेल तुम्हाला. माणूस आहे शेवटी."

"दया कसली! पडलेले कितीतरी मी बादलीत टाकलेत, मागे वळून बघितलं नाही. दया नव्हती काका, माज होता. मी मोजलं म्हणजे ते चुकायचंच नाही, असा माज."

मग मी जे बोललो ते आजही मला जसंच्या तसं आठवतं. मी म्हणालो, "मावशी, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत तुमचे. ही गोष्ट कळली तर तुम्हाला माशांच्या खोलीत पाऊल ठेवू देणार नाहीत. तिकडे पोरीचं बोलावणं जाईल. तुमचंही नुकसान, तिचंही. गप्प बसा. पुढे कोणीतरी पिल्लं तपासेल तेव्हा आपोआप बाहेर येईलच."

"आपोआप म्हणजे कोण?" मावशींनी विचारलं.

त्यांनी कार्डं उचलून खिशात ठेवली आणि दार उघडून त्या गेल्या.

बुधवारी सकाळी भिंगरी काचपट्ट्या न्यायला माझ्याकडे आली होती, तेवढ्यात मावशी आल्या. दार उघडंच होतं. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. भिंगरी आधी हसली.

"मावशी, सकाळी सकाळी चेष्टा नको हं."

मावशींनी कार्डं पुढे केली. भिंगरीने ती वाचली, पुन्हा वाचली. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"तुम्हाला पाटी वाचता येत नाही का?" ती ओरडली. "तुम्हीच लावलीत ना ती? आम्ही पहिल्या दिवशी आलो तेव्हा तुम्हीच आम्हाला तिच्यासमोर उभं केलं होतंत ना? शाळेतल्यासारखं वाचून घेतलं होतंत!"

"हो."

"दोन वर्षं मावशी! दोन वर्षं मी या टाकीपायी घरी गेले नाही!"

"हो गं."

"हो काय हो! काहीतरी बोला ना!"

भिंगरी माझ्याकडे वळली. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"काल कळलं."

"आणि तुम्ही मला..." तिने वाक्य अर्धवट सोडलं. काचपट्ट्यांचा डबा तिने छातीशी धरला होता. मग ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडमना सांगितलंत?"

"नाही. नुकसान तुझं, म्हणून आधी तुला."

"मग नका सांगू. मावशी, कोणालाच नका सांगू. शुक्रवार होऊ दे, निबंध जाऊ दे. मग मी हळूहळू तपासते सगळं. कदाचित तसं नसेलही. कदाचित दुसरी वाट खरंच असेल."

"हळूहळू म्हणजे केव्हा?"

"मावशी, प्लीज. तुम्हाला माझी शपथ."

मावशींनी नॅपकिनला हात पुसले, ते कोरडेच होते तरी. म्हणाल्या, "बरं." आणि गेल्या.

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू, खरंच पडला. वाटलं, मिटलं. त्या दिवशी मी बारा पिल्लांचे काप काढले आणि एकही फाटला नाही.

गुरुवारी मी नेहमीच्या वेळी पोचलो. माशांच्या खोलीचं दार उघडं होतं. मधल्या टेबलावर अठरा छोटे प्लास्टिकचे डबे ओळीने मांडलेले. प्रत्येकात पाणी, प्रत्येकात एक मासा, प्रत्येकावर मावशींच्या अक्षरात आकडा. शेजारी गुंगीच्या औषधाची बशी, कात्री, चिमटा, आणि शेपटीचे तुकडे ठेवायच्या अठरा नळ्या. चौथ्या रांगेतली टाकी रिकामी. भिंगरी दारातच उभी होती.

"मावशी, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"कोणाला सांगू नका म्हणालीस. मी कोणाला काही सांगितलेलं नाही. मी फक्त मासे वेगळे केलेत."

"का?"

"काप. बघ. त्यात काय निघेल ते तुला कळेल, मला नको सांगूस. काकांनाही नको. शुक्रवारी तिथे उभी राहून काय बोलायचं ते तुझं तू ठरव. पण न बघता बोलू नकोस." त्यांनी खाऊचा डबा उचलला. "नाही कापलंस तर संध्याकाळी मी सगळे एका टाकीत सोडते. मग काय करायचं ते कर."

मावशी दुसऱ्या रांगेला खाऊ घालायला गेल्या. त्यांनी वळून बघितलंही नाही. मग भिंगरीने हातमोजे घातले.

एका हाताने धरून दुसऱ्याने कापणं तिला जमेना म्हणून मावशी परत आल्या. एकेक मासा औषधात घालून, निपचित झाला की ओल्या फडक्यावर घेऊन त्या धरायच्या आणि भिंगरी शेपटीचा कण कापायची. मी नळ्यांची झाकणं लावत होतो. अकराव्या डब्यातला नर मावशींनी उचलला तेव्हा त्यांचा हात क्षणभर थांबला असं मला वाटलं. पण ते मला वाटलेलं आहे, मी खात्रीने सांगू शकत नाही. कापून झालेला प्रत्येक मासा आपल्या डब्यात परत गेला आणि थोड्या वेळात पोहायला लागला.

शुक्रवारी खोली भरलेली होती. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसलो. भिंगरीने पडद्यावर आधी सुंदर चित्रं दाखवली, माझ्याच कापांची, तपकिरी फांद्यांच्या पेशींची. लोक पुढे झुकून बघत होते. मग तिने एक साधं करडं चित्र लावलं. अठरा उभ्या पट्ट्या, एका माशाची एक. सतरांमध्ये रेघ एका पातळीवर, अकराव्यात वेगळ्या.

"हा मासा साधा आहे," ती म्हणाली. "याच्यात मुकादम शाबूत आहे. पेशी दिसलेली सगळी पिल्लं याचीच असणार. दुसरी वाट वगैरे काही नाही. मी आत्ता दाखवलं ते सगळं मी मागे घेते."

कोणीतरी खुर्ची सरकवली. मॅडम उठून पडद्याजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "तपासणी झालेल्या टाकीत हा आला कसा?"

भिंगरी म्हणाली, "शेजारी साध्यांची टाकी आहे मॅडम. उडून आला असेल."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मीही तिच्याकडे बघितलं नाही. माझ्या चपलेचा अंगठा निघायला आला होता, तो मी नीट निरखून पाहिला.

सभा सुटल्यावर अर्ध्या तासाने मावशी गमबूट काढून, पायात चपला घालून वर मॅडमच्या खोलीत गेल्या. आत काय झालं ते मॅडमनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. मावशींनी दोन कार्डं टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "उडाला नाही मॅडम. मी सोडला. पोरीला वाटलं मला वाचवावं. पण उद्या ती झाकणं बदलत बसेल आणि झाकणांचा काही दोष नाही."

मॅडम कडक होत्या, दुष्ट नव्हत्या. पण नियम नियम होता. सोमवारपासून मावशींची बदली काचसामान धुण्याच्या खोलीत झाली.

परदेशातली जागा दुसऱ्या कोणाला गेली. भिंगरीने पहिल्यापासून सुरुवात केली. सतरा मासे, प्रत्येक जोडी वेगळी. प्रत्येक पिल्लाची आधी जनुकं तपासायची, मगच ते माझ्याकडे. सात महिने मी सहाशेच्या वर पिल्लांचे काप काढले असतील. कातडी, कल्ले, आतडं. शिपाई पेशी, त्या रक्ताच्या कुळातल्या, आपापल्या जागी होत्या. त्यांना त्या मुकादमाची गरज नव्हती. पण कातडीत जन्मणाऱ्या त्या फांदीदार पेशी एकाही पिल्लात दिसल्या नाहीत. मी डोळे दुखेपर्यंत शोधल्या. नव्हत्या. मुकादम नाही तर त्या नाहीत, इतकं ते सरळ होतं. "छोटं आहे, पण पक्कं आहे," मॅडम म्हणाल्या. निबंध छापून आला. फार गाजावाजा झाला नाही.

पहिले दोन महिने भिंगरी मावशींशी बोलली नाही. मावशींनीही बोलावलं नाही. मग एक दिवस मी धुण्याच्या खोलीत बाटल्या द्यायला गेलो तर भिंगरी तिथे बाकावर चढून बसलेली, पाय हलवत. वाफेत मावशींचा चेहरा लाल झाला होता.

"आज किती फोडल्यात?" भिंगरीने विचारलं.

"दोन."

"काल तीन होत्या. प्रगती आहे."

"तू खाली उतर आधी. बाक मोडलास तर तोही माझ्याच नावावर."

माशांच्या खोलीत आलेली नवीन बाई अडलं की मावशींना विचारायला धुण्याच्या खोलीपर्यंत यायची. मावशी सगळं नीट सांगायच्या. पण कितीही अडलं तरी त्या स्वतः आत गेल्या नाहीत. एकदा पंप बंद पडला, सगळे धावले, मॅडमनी स्वतः निरोप पाठवला, तेव्हाही त्या दाराबाहेर उभ्या राहून कुठली कळ फिरवायची ते सांगत होत्या. निवृत्तीच्या दिवशी लोकांनी फुलं दिली. भाषण करा म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "मला येत नाही," आणि खरोखरच नव्हतं येत.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. चार दिवसांचा ताप, इतकंच. भिंगरी आता एका कॉलेजात शिकवते. तिने मला फोन करून सांगितलं की काका, तुम्ही त्यांच्यावर चार ओळी लिहा, बाकी कोणी लिहिणार नाही. मी म्हणालो, मला कुठे लिहिता येतं. ती म्हणाली, मलाही येत नाही, पण तुम्ही शेजारी होतात.

म्हणून मी यजमानांना भेटायला गेलो, दोन-चार तारखा विचाराव्यात या निमित्ताने. तिसरा मजला चढताना दोनदा थांबावं लागलं. वरून ते म्हणाले, "सावकाश काका. लिफ्टमन सुटीवर आहे." पण नेहमीसारखं हसले नाहीत. आम्ही खिडकीपाशी बसलो. खाली कोणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. त्यांनी तारखा सांगितल्या, मी लिहून घेतल्या.

मग ते म्हणाले, "त्या माशाच्या वेळी ती आधी तुमच्याकडे आली होती ना?"

"हो."

"तुम्ही काय सांगितलंत तिला?"

इतकी वर्षं मला कोणी हे विचारलं नव्हतं. मी कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली.

"गप्प बसा म्हणालो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. ते खिडकीबाहेर बघत होते.

"मीही तेच म्हणालो. बुधवारी, इथेच, जेवताना. म्हणालो, अगं मासा तो, साक्ष द्यायला थोडाच येणार आहे? स्वतःच हसलो वर."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. ताटं उचलली. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा तासभर लवकर निघाली."